दक्षिणेचं बंदर

३ मार्च
पुन्हा हल्ला! उत्तरेचे घोडेस्वार जेमतेम खिंडीपलीकडे हाकलले, तर पूर्वेच्या राजाने तह मोडला. चार पिढ्या मुली देऊन टिकवलेला तह! आणि दक्षिणेला माझ्या बंदराबाहेर चाच्यांची गलबतं. सैन्य एक, शत्रू तीन. हा गेम मी म्हणे विरंगुळा म्हणून घेतला होता.

४ मार्च
साहेबांचा फोन. एक तारखेपासून रोज ऑफिसात यायचं, घरून काम बंद. सांगितलं, वडील बाथरूममध्ये पडले होते, त्यांना एकटं ठेवता येत नाही. "प्रत्येकाच्या घरी काही ना काही असतंच." असतं ना!
लगेच दादाचा — "बाबांना इकडे पाठव. तुझी वहिनी दिवसभर घरी असते." दादाचं गाव इथून रात्रभराच्या प्रवासावर. नाही म्हणजे नाही. बाबा माझ्याजवळच राहणार. फोन आपटला.

५ मार्च
पूर्वेचा किल्ला गेला.

८ मार्च
बाबा आता शेजारी खुर्ची टाकून बसतात. चष्मा पुसतात, स्क्रीनमध्ये डोकं घालतात आणि माझं डोकं खातात!
"ठमे, सगळं धान्य जातं कुठे?"
बंदरावर. चाच्यांनी वेढलंय, तिथे पिकत काहीच नाही, निम्मं सैन्य तिथेच अडकलंय.
"मग देऊन टाक की बंदर."
देऊन टाक! चिखलातून उभं केलंय मी ते. धक्का, दीपस्तंभ, बाजार. बाकी राज्य खड्ड्यात गेलं तरी चालेल, बंदर देणार नाही.

११ मार्च
मीटिंग चालू असताना बाबांनी हाक मारली. धावले. काही नव्हतं, चष्मा सापडत नव्हता (डोक्यावर!). परत येते तो साहेब माझंच उत्तर ऐकायला थांबलेले, आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेलेलं. संध्याकाळी दादाचा फोन — "हट्ट कोणाचा आहे हा? त्यांचा की तुझा?"
माझा! आहेच माझा!
या सगळ्यात खिंडीत कुमक पाठवायची राहिली. खिंडही गेली. बाबा नुसते माझ्याकडे बघत बसले.

१३ मार्च
कहर! मी आंघोळीला गेले तेवढ्यात चाच्यांनी तहाचा निरोप धाडला, आणि बाबांनी सरळ "मान्य" दाबलं. बंदर गेलं! मी अक्षरशः रडले. या वयात, एका गेमसाठी.
"बाबा, विचारायचं तरी मला!"
"विचारलं असतं तर सोडलं असतंस?"
जेवताना अबोला. भाजीत मीठ नव्हतं, तेही दोघांनी सांगितलं नाही.

१५ मार्च
लिहायला जिवावर येतंय, पण बंदरातलं सैन्य मोकळं झालं आणि खिंड परत मिळाली. पूर्वेचा राजाही नरमला. बाबा मटार सोलता सोलता मिशीत हसत होते. अबोला संपला. आज कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

१६ मार्च
सकाळी बेल वाजली. दारात दादा. कोणी बोलावलं याला? मागे वळून पाहिलं — बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले, पायाशी भरलेली बॅग.
"बाबा, विचारायचं तरी मला!"
"विचारलं असतं तर सोडलं असतंस?"