सगळ्याला सरी

४ जानेवारी २०२१
मास्क आल्यापासून अख्खं बेंगळुरू पुटपुटायला लागलंय. आमच्या चामराजपेटचा वाणीसुद्धा. मी टेलिफोन खात्यात जन्म काढला, माझे कान शाबूत आहेत. लोकांनाच बोलायचा आळस. संकल्प: ‘काय म्हणालात?’ असं कुणालाही विचारायचं नाही. लाडावतात.

९ जानेवारी
युक्ती सापडली. समोरचा थांबला की मान डोलवायची आणि कानडीत ‘सरी’ म्हणायचं. म्हणजे बरं, चालेल. इथे ते सगळीकडे खपतं. भाजीवाला खूश. घरी तीन दुधी आले. वसुमतीनं बरंच सुनावलं. बायको घरात मास्क लावत नाही, तिचा शब्दन् शब्द ऐकू येतो. म्हणजे कान ठणठणीत.

१५ जानेवारी
हर्षितानं पहिल्या पगारातून मला कानाचं यंत्र आणलं. पोरगी जयनगरच्या दवाखान्यात फिजिओ आहे, आम्हाला जपायचं म्हणून घरातही मास्क लावते. कौतुक केलं, यंत्र कपाटात ठेवलं. परवा तिच्या लग्नाची बोलणी. व्याह्यांसमोर कानात यंत्र? शोभा होईल.

१७ जानेवारी, रविवार
बोलणी उत्तम! येलहंक्याहून मुलगा श्रीहर्ष आणि त्याचे वडील आप्पाजी आले. दोघेही मास्कमध्ये. आमच्यात बोलणी पुरुषांनीच करायची, वसुमती आत चिरोटे तळत होती. आप्पाजी बराच वेळ बोलले. मी दर खेपेला भारदस्त ‘सरी’ दिलं. हर्षिता दारात उभी होती, रडत आत गेली. लग्न ठरलं की मुली रडतातच.

१८ जानेवारी
मी काय कबूल केलं ते हर्षितानं आईला सांगितलं, आईनं मला. लग्नानंतर हर्षितानं नोकरी सोडायची. कायमची. श्रीहर्ष म्हणे मध्येच म्हणाला होता, आधी तिला विचारूया का? त्यालाही मी सरी म्हणालो आणि चहा मागवला.
हर्षिता जेवली नाही. उद्या एका फोनमध्ये निस्तरतो.

१९ जानेवारी
आप्पाजी फोनवरही पुटपुटतात. घाबरून सरी म्हणालो आणि ठेवला. दुपारी त्यांचा मेसेज: साखरपुडा पुढच्या रविवारी ठरल्याचा आनंद झाला.
देवा.

२१ जानेवारी
यंत्र लावून रिक्षानं येलहंक्याला निघालो. खरंच ऐकू येत होतं! ड्रायव्हरचा खोकला, हॉर्न, सगळं. वाटेत पाणी प्यायला मास्क ओढला, मास्कच्या दोरीबरोबर यंत्रही कानातून उडालं. मागून बस आली.
आप्पाजींच्या दारापर्यंत गेलो. बेल वाजवली नाही. आत जाऊन पुन्हा सरीच म्हणालो असतो. पोरीच्या आयुष्याचं वाटोळं केलं मी. परतलो.

२२ जानेवारी
हर्षिता समोर येऊन बसली, मास्क काढला. म्हणाली, अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही ना? स्वच्छ ऐकलं. येतं की, म्हणालो.
ती उठून माझ्या पाठीमागे गेली. वसुमतीनं डोळ्यांना पदर लावला, तेव्हा कळलं की मागे पोरगी काहीतरी बोलतेय. ‘सरी’ ओठांवर आलं होतं. गिळलं. विचारलं, काय म्हणालीस?
ती पुढे आली आणि परत म्हणाली. आप्पाजींना मी फोन करते. सांगते, अण्णांना ऐकू येत नाही, त्यांनी काहीच कबूल केलेलं नाही, मी नोकरी सोडणार नाही. सांगू ना?
सगळ्या येलहंक्यात शोभा होईल आता.
सरी, म्हणालो.