शुद्धीचा दाखला

आज ता. १४ फेब्रुवारी १९५७, गुरुवार, सकाळचे साडेनऊ. पेज प्यायलो, ती उलटली, तोंड धुतले आणि लिहायला बसलो. मी रुपचंद जीवराम भोळे, वय २७, धंदा पाट्या रंगवणे, राहणार असोदा, जिल्हा पूर्व खानदेश, कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहून ठेवतो की, माझ्या पोटात कॅन्सर आहे. धुळ्याला पोट उघडले आणि काही न काढता परत शिवले.

१. घराचा माझा अर्धा हिस्सा पत्नी कुंदाबाई हिचा. थोरले भाऊ हिलाल यांनी मध्ये भिंत घालू नये. घातलीच तर तिच्या बाजूला खिडकी ठेवावी.

२. कुंचले व रंगांचे डबे मेहुणा पुना यास. लाल रंग घट्ट झाला आहे, टर्पेंटाइन घालावे. वाण्याची पाटी त्याने करू नये. मी केलेल्या पाटीवर वाण्याने स्वतःच्या मुलाकडून गणपती काढून घेतला.

३. आता जातो असे समजून मला आजवर दोनदा खाटेवरून खाली घेतले. दोन्ही वेळा जमीन सारवली, तोंडात गंगाजल व तुळस घातली आणि मी उठून चहा मागितला. फैजपूरची आत्या बेबाबाई दुसऱ्यांदा परत जाताना म्हणाली, "रुपचंद, आता खरं असंल तवाच तार करजो भो." तिचे बरोबर आहे. यापुढे डॉक्टरांना विचारूनच खाली घ्यावे. सारवलेली जमीन थंडीत फार गार लागते.

४. झोप लागून परत जाग येणार नाही अशी सुई मी डॉ. खैरनार यांच्याकडे मागितली. ते म्हणाले, "हे तू नाही, तुझं दुखणं बोलतंय. आणि कायद्यानं तो खून होतो." हिलालभाऊ म्हणाले, "लोक म्हनतीन, घरासाठी भावाले मारलं." भाऊंची अडचण कलम १ ने मिटवली आहे. डॉक्टरांची राहिली. मी शुद्धीवर असल्याचा दाखला या कागदावर तेच देणार. घर देताना मी शुद्धीवर आणि सुई मागताना नाही, हे मला समजत नाही. दाखला सर्व कलमांचा द्यावा, नाहीतर एकाचाही नको.

५. सुई दिल्यास त्यांच्यावर कोणी फिर्याद करू नये. त्यांच्या दवाखान्याची पाटी पुनाने नवी रंगवून द्यावी. सुई न दिल्यासही द्यावी.

सही: रुपचंद जीवराम भोळे
साक्षीदार: उखर्डू सोनजी नारखेडे, अभिमन दगडू कोल्हे
मुक्काम असोदा, तारीख वरीलप्रमाणे

दाखला: सर्व वाचले. सदर इसम पूर्ण शुद्धीवर आहे, कलम ४ धरून. ती सुई मी देणार नाही. दुखणे कमी करण्याची रोज येऊन देईन. पाटी त्यानेच रंगवलेली आहे, तशीच राहू द्यावी.
डॉ. खैरनार