सूरपेटी बसवताना आलेल्या अडचणींबाबत

पनवेल,
मंगळवार

ती. एलियाहूभाऊंस,

योसेफचा शालोम. पाकिटावर माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी घोटभर पाणी प्या. इथे सगळे जिवंत आहेत, दोन वेळा जेवतात, आणि तुमच्या बहिणीच्या, बेलाच्या, दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदूही नीट निघाला. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का ते कळवा. तुमच्या नातीला, एफ्रातला, आशीर्वाद, आणि तिच्या एका ओळीच्या निरोपाने पनवेलात काय काय घडलं ते तिला हे पत्र वाचून समजावून सांगा. माझ्या मूर्खपणाचे भाग गाळले तरी चालतील (मग फारसं काही उरणार नाही, ते असो).

निरोप असा होता की आजोबांच्या आवाजातली बारा मराठी गाणी तिने ‘सूरपेटी’ नावाच्या ॲपवर चढवली आहेत. मी तो बेलाला वाचून दाखवला. ती म्हणाली, बरं. गेल्या नव्याच्या सणाला नववर्षाच्या शुभेच्छा देताना तुम्ही फोनवर जे बोललात (चिकाच्या हलव्यात गव्हाचा चीक नसला आणि कॉर्नफ्लॉर घातलं तरी चालतं, उलट आईच्या हलव्यापेक्षा मऊ होतो), त्या दिवसापासून तुमचं नाव निघालं की तिचं उत्तर एवढंच असतं. पण भाऊ, एकेचाळीस वर्षांच्या संसारात मला तिच्या ‘बरं’चे पाच-सहा प्रकार ओळखता येऊ लागले आहेत. हा त्यातला नव्हता. दोन दिवसांनी भाकरी वाढता वाढता तिने विचारलं की आपल्या कम्प्युटरचे ते मोठे स्पीकर अजून चालतात का. मी हात धुतले आणि कामाला लागलो. (मोबाइलवर का नाही ऐकवलं, असं एफ्रात विचारेल. माझा मोबाइल मध्यंतरी पाण्याच्या पिंपात पडला होता. आता त्यातून आवाज येतो, पण पिंपातूनच येतो.)

सूरपेटी उतरवून घेतली, बटण दाबलं, हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली आणि तिथे पाटी आली: ‘काहीतरी चुकले. त्रुटी क्रमांक १७.’ मी चौतीस वर्षं कारखान्यात मालाची तपासणी केली. एखाद्या कामगाराने येऊन ‘साहेब, काहीतरी चुकलं’ एवढंच सांगितलं असतं तर मी त्याला काय, कुठे आणि किती ते लिहून आणायला परत पाठवलं असतं. याला कुठे पाठवणार? मोबाइलवर इंटरनेटात शोधलं तर एका सद्गृहस्थाने लिहिलं होतं की ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बसवा. तसं केलं. पाटी आली की ॲडमिनिस्ट्रेटरला हे ॲप बसवता येत नाही, साधे वापरकर्ते म्हणून या. साधा होऊन गेलो. पाटी आली की ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी आणा. भाऊ, त्या खोलीत मी एकटाच होतो. ॲडमिनिस्ट्रेटर मीच आणि साधा माणूसही मीच, आणि आमच्या दोघांपैकी एकालाही आत घेत नव्हते.

दुसऱ्या एकाचं म्हणणं होतं की आधीच्या फसलेल्या प्रयत्नांचे अवशेष फोल्डरांतून शोधून काढून टाकावेत. मी चष्मा पुसून साफसफाई केली आणि त्या भरात आमच्या सोसायटीच्या चार वर्षांच्या सभांची इतिवृत्तं पुसून टाकली. मी सेक्रेटरी आहे, त्यामुळे हा गुन्हा कुणाला तरी सांगणं भाग होतं. म्हणून खाली कमळाकरकडे गेलो. कमळाकर म्हणजे इथल्याच कोन गावचा. वडिलांच्या शेतावर त्याने इमारती उभ्या केल्या, त्यातल्याच एकीत आम्ही राहतो आणि तळमजल्यावर तो स्वतः राहतो. सोसायटीचा चेअरमनही तोच. सगळं ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, “ते कोनी वाचत नाय, योसेफशेट. मी पन नाय.” आणि मदतीला वर आला.

त्याची मदत म्हणजे कम्प्युटर बंद करून चालू करणे. असं चार वेळा झालं. मग त्याने घरून धूळ उडवायचा ब्लोअर आणला, डब्याचं झाकण उघडलं आणि आत वारा सोडला. दहा वर्षांची धूळ बाहेर आली ती थेट बेलाच्या परातीत (ती बिरड्याचे वाल सोलत बसली होती). बेलाने त्याला चहा दिला, पण बशी दिली नाही. कमळाकर समजला. म्हणाला, आमची सून कम्प्युटरच्या कंपनीत हाय, तिला बोलावतो.

ही दिपिका. दिवसभर घरूनच परदेशातल्या लोकांची मशीनं दुरुस्त करून देते, आणि सासऱ्याने तिला आजवर वाय-फायच्या पासवर्डखेरीज काही विचारलेलं नव्हतं. तिने खुर्ची ओढली, पडद्याच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काका, आज तारीख काय?” मी कॅलेंडर बघून सांगितली. ती म्हणाली, तुमच्या कम्प्युटरला हे ठाऊक नाही, तो २००९ सालच्या एक जानेवारीत बसलाय. आत गुंडीएवढा सेल असतो, तो संपला की मेन स्विच बंद केल्यावर त्याला तारीख आठवत नाही (आणि मी वीज वाचवायला रोज मेन स्विच बंद करतो). मग सूरपेटीवाले आपली ओळखपत्रं दाखवतात ती त्याला पुढल्या काळातली वाटतात, आणि तो त्यांना दारातूनच परत पाठवतो. एवढा दक्ष तपासनीस मला कारखान्यात एकही मिळाला नव्हता.

तसला सेल कमळाकरने आपल्या वजनकाट्यातून काढून दिला. काटा खोटंच सांगतो, हे त्याचं मत. दिपिकाने सेल बसवला, तारीख लावली, उरलासुरला कचरा काढला (इतिवृत्तंही कचऱ्याच्या पेटीतच सापडली, कमळाकरला वाईट वाटलं) आणि साधी वापरकर्ती म्हणून ॲप बसवलं. पट्टी टोकाला गेली आणि तुमचा आवाज खोलीत आला.

बेला पाठमोरी बसून वाल सोलत होती. चार गाणी तशीच गेली. पाचवं लागलं, तुमची आई मोरा बंदरातून लाँचमध्ये बसलं की म्हणायची ते, लाटांचं. तुम्ही दोघं लहानपणी उलट्या करू नये म्हणून ती ते म्हणायची, असं बेलाने मला कधीतरी सांगितलं होतं. तिचे हात थांबले. गाणं संपलं तेव्हा ती म्हणाली, “दुसरं कडवं विसरला तो.” आणि भाऊ, तिने ते म्हटलं. कम्प्युटरकडे तोंड करून, मोठ्याने, सावकाश, तुम्ही समोर बसून चुकताय अशा थाटात. मी तिला गाताना पहिल्यांदाच ऐकलं. दिपिका उठायला निघाली होती, ती परत बसली. कमळाकरने कप खाली ठेवला नाही, हातातच धरला.

नंतर तिने ते गाणं नऊ वेळा लावायला लावलं. डोळ्यांना पदर लावला का, ते मला पाठीमागून दिसलं नाही. तुमच्याबद्दल बोलली ते एवढंच की आवाज बसलाय, गरम पाणी पीत नसणार.

गुडघ्याला जपा. वहिनींना आम्हा दोघांचा शालोम सांगा.

तुमचा,
योसेफ

ता. क. पत्र एवढं लांबवून अजून मुद्द्याचं लिहिलं नाही. दुसरं कडवं मी मोबाइलवर गुपचूप टिपून घेतलं आहे. ते मी तुम्हाला पाठवणार नाही, एफ्रातने मागितलं तरी नाही. हवं असेल तर बेलाकडे मागा. तिचा नंबर तोच आहे. हलव्याचा विषय तुम्ही काढू नका, ती काढेल तेव्हा ऐकून घ्या.

ता. ता. क. दादा, पाकीट चिकटवताना हे सगळं वाचलं. मी रडले नाही, डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते. नऊ वेळा नाही, सहा वेळा. शनिवारी शब्बाथ सुटला की मी घरीच असते. तिसरं कडवंही तू चुकलायस. – बेला