नाव पुसलं, मामा राहिले

तीर्थरूप मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. पत्राच्या आरंभी तब्येत विचारायची रीत आहे; पण तुमची तब्येत मी आधीच वाचली आहे, तेव्हा ते पुढे येईलच. मामीला नमस्कार सांगा (एवढं वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवा, बाकीचं मनात).

मी कानाच्या दवाखान्यात कारकून, हे तुम्ही जाणताच. यंदा वरून हुकूम आला, की कानाची यंत्रं कुणाकुणाला दिली त्याचा तक्ता जाहीर करा, म्हणजे पुढे किती लागतील ते ठरवता येईल. मात्र कुणाचं नाव कळता कामा नये. चार दिवस खपून मी सहाशे बारा नावं पुसली. (आपणही ती वाचू नयेत म्हणून चष्मा काढून पुसली. साहेबांनी चहा पाजला.)

मग आकडेमोडीच्या विभागातल्या बाई आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. तक्त्यावरून नजर फिरवून म्हणाल्या, "काका, नावं गेली, माणसं इथेच बसलीत की!" आणि एका ओळीवर बोट ठेवलं : पुरुष, वय अडुसष्ट, धंदा पियानो सुरात लावणे, दोन्ही कान, यंत्र दिलं, वापरत नाहीत. "असे गावात किती?" मामा, असे तुम्ही एकटेच! ज्याचं पोट कानांवर चालतं त्याचे कान गेले, हे गिऱ्हाइकांना कळलं तर? आणि सख्ख्या भाच्याला तरी हे तक्त्यातून कळावं?

बाई मात्र शांत. त्यांनी वयाचे गट केले, साठ ते ऐंशी. शिंपी, सुतार, घड्याळजी आणि तुम्ही, सगळे 'कारागीर' झालात. एकासारखे निदान दहा दिसले पाहिजेत, हा त्यांचा नेम. मग बेरीज मारली : सहाशे बारा! एक यंत्र इकडचं तिकडे नाही, आणि तुम्ही मात्र गर्दीत दिसेनासे झालात. तीस वर्षं मी कागद काळे करतोय, पण कधी न पाहिलेल्या माणसांची अब्रू कुणी इतक्या हळुवारपणे झाकताना पाहिलं नव्हतं. मी थक्क झालो. हात आपोआप जोडले गेले.

तेव्हा निर्धास्त राहा. जुना तक्ता कुणीही पाहिला नाही.

तुमचा धाकटा भाचा

ता. क. खबरदारी म्हणून पाकिटावर तुमचं नाव घातलं नाही, नुसता पत्ता. पोस्टातल्या बाईंनी तो पाहून विचारलं, "पियानोवाल्यांना का?"

ता. क. दुसरा. वर एक थाप मारली. जुना तक्ता अर्धा दिवस दवाखान्याच्या जिन्यापाशी लागला होता आणि तुम्ही जिथला पियानो लावता त्या शाळेच्या संगीतबाईंनी तो वाचला. मी गयावया करू लागलो, तर त्या हसल्या. म्हणाल्या, पियानोच्या वरच्या पट्ट्या दोन वर्षांपासून उतरलेल्या आहेत. मुलं आता त्याच सुरात गातात. दुसऱ्या कुणाला बोलवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मंगळवारी पियानो लावायला तुम्हालाच बोलावलंय. मामा, यंत्र घालून जा.