आठ रकाने, कायमचे

५ मे, सोमवार
आमचूर संकलनाचा रिपोर्ट आज उघडला नाही. कारण क्षुल्लक. या आठवड्यात सागपाड्याहून गोणी आली नाही, म्हणून दर पाड्याचा एक रकाना करणाऱ्या क्रॉसटॅब क्वेरीतून त्यांचा रकाना गळाला आणि रिपोर्ट तो शोधत बसला. संस्थेची जीप चालवणारे दलपतभाऊ दारातून म्हणाले, ताई, तुन्हा रिपोर्ट अजून रुसी बठेल शे का? दुर्लक्ष केलं.

संध्याकाळी
कैरीच्या फोडी वाळवायला संस्थेकडे सोलर ड्रायर एकच आहे. ज्या पाड्याचा आमचूर यंदा सर्वांत जास्त, त्याला तो १९ तारखेच्या बैठकीत मिळणार. आकडे माझ्या रिपोर्टमधून. संकल्प : पुन्हा हात लावावा लागणार नाही असा रिपोर्ट.

७ मे
डेटाबेस बनवणाऱ्या जोएलला नवापूरला फोन केला. म्हणाला, क्वेरीत रकान्यांची नावं पक्की टाइप करून टाका, ताई, पण... एवढं पुरे होतं. रेंज नाही सांगून फोन ठेवला.
गेल्या वर्षीच्या संकलनाच्या यादीतून पाड्यांची आठ नावं टाकली. रिपोर्ट उघडला. पाडे काय दर वर्षी बदलतात?

९ मे
दिवलीबाई उंबरपाड्याहून उतरून अक्कलकुव्याला ऑफिसात आल्या. गेल्या वर्षी अवकाळी पावसात खडकावर वाळत घातलेल्या फोडी काळ्या पडल्या, आम्हाला एकही गोणी देता आली नाही. यंदा बायका दुप्पट राबल्या. आमचं नाव मशीनमध्ये आलं ना, विचारत होत्या. म्हटलं, नोंदी मीच केल्यात, निवांत राहा. चहा पाजला. बरं वाटलं.

१६ मे
रिपोर्टच्या चाळीस प्रती काढल्या, जाड कागदावर, रंगीत. दलपतभाऊ म्हणे, कागद बरा शे, पन गोण्या कमी वाटी ऱ्हायन्यात. कॉम्प्युटर मोजतो, अंदाज करत नाही, असं त्यांना समजावलं.

१९ मे
बैठक. दिवलीबाईंनी विचारलं, आमचा रकाना कोणता. मी डावीकडून बोट फिरवलं. मग उजवीकडून. मग कागद उलटून पाहिला. दिवलीबाई हळूच म्हणाल्या, सावकाश बघा, ताई.
दलपतभाऊंनी खिशातून वही काढली. जीपमध्ये चढलेली प्रत्येक गोणी तिच्यात होती. नवा पाडा आला की ते नवं पान घेतात. उंबरपाडा : एकसष्ट गोण्या. सर्वांत जास्त. ड्रायर त्यांना.
जोएलला फोन केला. नवं नाव आलं की यादीत घालावं लागतं, नाहीतर ते गुपचूप गळतं, हे त्याचं ‘पण’ होतं. तेव्हा ऐकूच आलं नाही म्हणत मी रेंजवर ढकललं.

२१ मे
ड्रायर निघाला. घाटात काचा फुटू नयेत म्हणून दलपतभाऊंनी मध्ये घालायला जाड कागद मागितला. चाळीसच्या चाळीस प्रती दिल्या.
दुपारी दिवलीबाईंचा फोन. एकही काच तडकली नाही, बायकांनी फोडी पसरल्या.
एकूण, रिपोर्ट उंबरपाड्याला पोचला.