भाजलेली मुंडी

९ फेब्रुवारी १९५५, नागपूर

पुन्हा तेच! प्रयोगशाळेत सर सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरनुले, खाटकाकडचा शिळा माल तपासून शोध लागत नसतात." सगळे हसले. मीही हसलो — लाज नाही मला!

अमिनो आम्लं आरशातल्या जोडीसारखी, डावी आणि उजवी; डुकराच्या मूत्रपिंडातलं हे एन्झाइम फक्त उजव्या हाताची जाळतं. आपल्या अंगात सगळी डावीच, असं पुस्तकं सांगतात. मग ते जगतं कशावर? तीन वर्षं हाच प्रश्न. बोकडाच्या मेंदूचा अर्क दिला की ते प्राणवायू ओढतं, नळीतला द्रव चढतो. मी पाहिलंय! पण सर म्हणतात, मेंदू सडका. सडक्यात जंतू होतात, आणि जंतूंच्या अंगात उजवी आम्लं असतात. झालं, माझं सगळं खोटं. ताज्या मेंदूवर दाखवलं नाही, तर मार्चअखेर माझं टेबल दुसऱ्याला.

१३ फेब्रुवारी, गाव

परवा मरीमायला नवसाचा बोकड. मुंडीचा मान पुजारी मनसारामचा. माझ्या थोरल्या बहिणीने, शकुबाईने, त्याच्या पाया पडून ती माझ्यासाठी मागून घेतली.

१५ फेब्रुवारी

घात! बोकड माझ्यासमोर कापला. बर्फाचा डबा आणायला धावलो, तेवढ्यात शकुबाईने मुंडी जाळावर धरली. काळीठिक्कर!

"कोनाले कच्ची मुंडी देत नाई, बाबू! भाजूनच देतेत. मले का मालूम!"

अडाणी ती अडाणीच राहणार, म्हणालो. चारचौघांत म्हणालो. ती पदराला हात पुसत राहिली. मग न फोडलेली मुंडी पळसाच्या पानांत बांधून तिनेच पिशवीत घातली.

१६ फेब्रुवारी, मूल स्टेशन

गाडी उशिरा. पिशवीला करपलेल्या केसांचा वास. शेजारचा माणूस उठून लांब बसला. बरं झालं.

१७ फेब्रुवारी, नागपूर

कवटी फोडली. मेंदू उकडलेल्या अंड्यासारखा. अर्ध्याचा अर्क केला — का, कोण जाणे. भाजलेल्यातून शून्यच येणार. उरलेला अर्धा रागाने मागच्या कुत्र्यांना टाकला. सर डोकावले, "काय, गावचा प्रसाद?"

१८ फेब्रुवारी

द्रव चढला! नुसत्या अर्काने हललाही नाही, एन्झाइम घातल्यावर चढला. कापल्या कापल्या भाजलेली मुंडी, बंद कवटी — जंतू येणार कुठून? उजवी आम्लं मेंदूचीच! बर्फातला कच्चा मेंदू आणला असता, तर सरांनी पुन्हा सडकाच ठरवला असता.

दाखवायला आता मेंदू शिल्लक नाही.

शकुबाईला कार्ड लिहिलं : चुकलो, अजून एक मुंडी हवी, भाजूनच दे. तिला वाचता येत नाही. गावातलं कोणीतरी चारचौघांत मोठ्याने वाचेल. वाचू दे.