मनोहरीची सहा रोपं

१९ एप्रिल
मिनेसोटात एप्रिल म्हणजे नुसता चिखल. घरापुढची वीस फुटांची पट्टी शंतनूने माझ्या ताब्यात दिली. म्हणाला, बाबा, हवं ते लावा, पण पुढच्या मेपर्यंत काही धरलं नाही तर मी सरळ खडी टाकून घेतो. मुलगा माझाच, पण बोलतो कॉन्ट्रॅक्टरसारखा. या घरात फ्रीजमधला एक कप्पासुद्धा माझा नाही. त्यामुळे पट्टी सोडणार नाही. नागपूरला सर्किट हाउसची बाग एकतीस वर्षं सांभाळली आहे. (माळी होता. पण रजिस्टरवर सही माझी.)

२७ एप्रिल
नर्सरीत गेलो. किळस आली. उणे तीसमध्ये तगणारी शोभेची झुडपं म्हणे! जुनिपर: मांजर मुतल्याचा वास. डॉगवुड: नुसत्या लाल काड्या, खराटा रंगवून ठेवलाय. हायड्रेंजिया: कोबी. लाइलॅकचा वास बरा, पण फुलतं वर्षाचे दोन आठवडे. उरलेले पन्नास आठवडे त्याच्या तोंडाकडे बघत बसू? सूनबाई, म्हणजे नेत्रा, म्हणाली, बाबा, इथे हीच टिकतात. मी म्हटलं, टिकणं हा काय गुण झाला? रिकाम्या हाताने परत. ठराव: यापुढे अभ्यास करूनच निवड.

५ मे
अभ्यास पूर्ण. जास्वंद. चार कुंड्या आणल्या, फुलांसकट. लावल्या. नेत्रा म्हणाली, अजून रात्री फ्रॉस्ट पडतो, रोपं गोठतात, दोन आठवडे थांबा. आता हिला विचारून बागकाम करायचं!

७ मे
चारही काळ्या. उकडलेल्या पालकासारख्या. कुंडीतली माती निकृष्ट होती.

६ ऑक्टोबर
पाच महिने लिहिलं नाही, कारण या देशात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. पट्टी रिकामी.
आज तळ्याकाठच्या ट्रेलवर फिरायला गेलो. सगळी झाडं पिवळी पडून नागडी होत चाललेली. जिकडेतिकडे कचरा, आणि लोक त्याचे फोटो काढतात! त्यात एक झुडूप मात्र हिरवंगार. तकतकीत पान, काळी फळं, बारकी जांभळंच जणू. थंडीला ढिम्म. आणि हा माल नर्सरीवाल्याने मला दाखवलाच नाही. लबाड लेकाचा. पाच फळं चाखली. कडू. औषधी असणार.

७ ऑक्टोबर, दुपार
सकाळपासून सात वेळा. नेत्राच्या कालच्या किन्वा सॅलडवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. तसं तिला तोंडावर सांगितलं. तिने उरलेलं सॅलड उचलून फ्रीजमध्ये ठेवलं. चूक कळली असणार.

११ ऑक्टोबर, सकाळी सात
खुरपं आणि पिशवी घेऊन ट्रेलवर. सहा रोपं, मुळासकट. याला चोरी म्हणता येणार नाही. न विचारता आणलेलं रोप जोमाने वाढतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सहावं उपटतोय तर समोर टोपीवाली एक गोरी आजी, कुत्र्यासह. वाटलं, लावते आता पोलिसांना फोन. तिने अंगठा वर केला, माझा फोटो काढला. मी हसलो आणि सटकलो. घाबरून नाही. रोपं सुकत होती.

१ नोव्हेंबर
शेजाऱ्यांच्या झाडांची हाडं उरली आहेत. माझी सहाही हिरवी! शंतनू चहाचा कप घेऊन बाहेर आला, बघत उभा राहिला, वा बाबा म्हणाला. कधी म्हणाला होता याआधी? आठवत नाही. नात केया आठ वर्षांची. तिने इंग्रजीत झाडाचं नाव विचारलं. मी म्हटलं, मनोहरी. तिने परत इंग्रजीतच विचारलं की आजोबा, तुमचं नाव मनोहर म्हणून का? इथल्या शाळांत नको ते शिकवतात.

१९ जानेवारी
उणे एकोणतीस. नाकातले केस गोठतात. माणसं इथे मुळात आलीच कशाला? रोपांना जुनी चादर गुंडाळली. सर्वांत लहान रोपाला चादर पुरेना, त्याला माझी कानटोपी घातली.

४ मे
गल्लीत सर्वांत आधी पालवी कुणाला? माझ्या सहांना! शंतनूने खडीवाल्याला फोन करून कॅन्सल केलं. नेत्राने आग्रह करून पोळी वाढली. ट्रेलवर ती टोपीवाली भेटली, मार्लिस नाव तिचं. माझा फोटो अजून तिच्या फोनमध्ये आहे. सिटीतर्फे तुम्हाला प्रमाणपत्र देणार म्हणाली, नाव-पत्ता घेतला. चला, या देशात एकाला तरी पारख आहे. भाषणाचे मुद्दे काढून ठेवले.

१६ मे
मार्लिस आली. प्रमाणपत्र फ्रेमसकट. दारातच शंतनूने मोठ्याने वाचलं: तळ्याकाठची झाडी गिळणारं बकथॉर्न हे घातक तण स्वतःहून उपटल्याबद्दल श्री. मनोहर यांचे आभार. संख्या: सहा. टाळ्या. मग मार्लिसची नजर पट्टीवर गेली. तिने बोटाने मोजली. सहा. भाषण राहिलं.
तिने एक पत्रक दिलं. हे झाड विकायला, न्यायला-आणायला इथे बंदी आहे म्हणे. खाली बारीक अक्षरांत: फळं खाल्ल्यास जुलाब. नेत्राने तेवढीच ओळ दोनदा वाचली, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघत.

१७ मे
उपटली. मीच. मुळं खोल गेली होती, हात सोलवटले. मार्लिसने परत फोटो काढला आणि प्रमाणपत्रावर पेनने सहाचे बारा केले. शंतनूने खडीवाल्याला फोन लावला. माझ्यासमोर नाही, गराजमध्ये जाऊन. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

२३ मे
खडी आली. राखाडी. भिकार रंग.
मार्लिस तिच्या अंगणातलं लाइलॅकचं रोप देऊन गेली. मागितलं नव्हतं, चोरलंही नव्हतं, त्यामुळे जगेलच असं नाही. शंतनूने विचारलं, बाबा, याला जागा सोडू का, किती? मी म्हटलं, दोन फूट.
रात्री किन्वा सॅलड होतं. मुकाट्याने खाल्लं, परत मागून घेतलं.
दोन आठवडे फुलतं वर्षाचे. चालेल.